मगरेबाईंचं पीठ

परवा नव्या इथेनॉल कारखान्यातला एक इंजिनिअर मला शोधत घरी आला. मका आणि तुकडा तांदूळ आंबवून तिथं पेट्रोलमध्ये मिसळायचं इंधन काढतात. इंधन निघून गेल्यावर धान्याचा जो चोथा मागं उरतो, त्याचं गुरांना घालण्यापलीकडं काही करता येईल का, या शोधात तो होता. बिचकत म्हणाला, "काका, तुम्ही फार पूर्वी त्याचं खायचं पीठ केलं होतं म्हणे."

"मी नाय केलं," मी म्हणालो. "केलं मगरेबाईंनी. मी त्यात फक्त बुडालो."

तो हसला. म्हातारा गंमत करतोय असं त्याला वाटलं. चहा पिऊन गेला. तो गेल्यापासून मगरेबाई डोक्यातून जात नाहीत. या वयात रागसुद्धा फार वेळ धरवत नाही, गुडघ्यासारखा तोही दुखायला लागतो. माझी पुष्कळ भांडणं अशीच मिटली, दुसरं काही नाही, दमलो म्हणून. बाईंवरचा राग तेवढा शिल्लक आहे.

ते दिवस चिकलठाण्याकडं कारखाने उगवण्याचे होते. गेल्या वर्षी जिथं तूर पाहिली तिथं यंदा पत्र्याची शेड दिसायची. मी कन्नडकडचा. आमच्या घरात मेंढरं. बापाला चालत राहणं येत होतं, मला घासाघीस येत होती. त्या घासाघिशीवर शहरातल्या गवळ्यांना पेंड आणि भुसा पुरवता पुरवता मी ठेकेदार झालो. एका कारखान्यात ज्वारीपासून अल्कोहोल काढत. पेट्रोल महाग झालेलं, त्यात हे मिसळून गाड्या चालतील असं मालकाच्या मनानं घेतलं होतं. माणसाला ज्वारी मिळंना आणि हा मोटारीला घालतोय, असं लोक म्हणायचे. गाळून उरलेल्या चोथ्याचे तिथं ढीग पडत. तो उचलायचा ठेका मी घेतला आणि म्हशींना घालायला विकू लागलो.

महिनाभरात गवळी माझ्या अंगावर आले. मी तडक कारखान्याच्या प्रयोगशाळेत घुसलो. लहान चणीची एक बाई स्टुलावर बसली होती. कडक इस्त्रीचं सुती लुगडं, मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ, खुंटीला छत्री. कारखान्याची केमिस्ट ती हीच, हे मला माहीत नव्हतं. मी दारातूनच सुरू झालो.

"बसा," मान वर न करता बाई म्हणाल्या. "वरडून झालं की सांगा."

"तुमच्या चोथ्यानं म्हशी पातळ शेण टाकायल्या!"

बाई उठल्या. चालत टाकीपाशी गेल्या, मूठभर ताजा चोथा घेऊन माझ्या नाकापुढं धरला. भिजवलेल्या धान्याचा, थोडा गोडसर वास. मग माझ्या टेम्पोतला मूठभर घेऊन तोही धरला. मी तोंड फिरवलं.

"हा आत्ताचा. हा तुमचा, कालपास्नं उन्हात उभा. ह्यात म्हशीचं काय चुकलं?"

"मग भाव कमी करा."

तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. "भावाचं तिकडं हापिसात बोला, ठेकेदार. माझ्याकडं निस्ता वास हाय."

पुढची सगळी वर्षं त्यांनी मला ठेकेदारच म्हटलं. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. ट्रकवाल्यांशी त्या दखनी बोलायच्या, साहेबांशी पुस्तकातलं मराठी, आणि राग आला की गावचं. राग आलाय हे भाषेवरून कळायचं, आवाज चढायचा नाही. माझ्यासारख्याला हे फार जड जातं. समोरचा ओरडला तर मला सौदा करता येतो.

त्या दिवशी मी निघताना त्या म्हणाल्या, "ठेकेदार, ही म्हशीला घालायची चीज नाय."

"मग काय माणसाला घालायची?"

"व्हय. दाण्यातलं पिठूळ तेवढं दारूत जातं. डाळीत असतो तसला कस सगळा मागं ऱ्हातो. आपण तो गव्हाणीत टाकतो."

मला वाटलं बाईला कारखान्याची वाफ चढली असावी.

पण प्रयोगशाळेतल्या हीटरवर तवा आला. चोथा पिळून, पसरून, करकरीत वाळवून त्या दळून आणत आणि भाकरी थापत. भाकरी परातीतच फाटायची. पिठाला चिकटपणा देणारं जे असतं ते तर मोटारीसाठी काढून घेतलेलं. मग त्यांनी ज्वारीच्या पिठात थोडं थोडं मिसळून पाहिलं. भाकरीचा नाद सोडला, थालीपीठ लावलं, शेव पाडली. शिपाई प्रयोगशाळेला खाणावळ म्हणू लागले. येईल त्याच्यापुढं बाई बशी सरकवायच्या. पण आधी सांगायच्या, "हे दारू काढलेल्या ज्वारीच्या चोथ्याचं हाय." ऐकून निम्मे लोक हात आखडता घ्यायचे.

"आधी खाऊ द्या की, मग सांगा," मी म्हणालो. "माल चांगलाय. नाव कशाला मधी आणता?"

बाई तवा पुसत होत्या. "माझी आय गावातनं मागून आणायची. कुणाच्या घरचं, कधीचं, ती सांगायची नाय. आमी इचारायचो नाय. आता मी सांगितल्याबिगर कुणाच्या ताटात काय टाकणार नाय."

बाई महार वस्तीतल्या, शिकून वर आलेल्या, हे मला माहीत होतं. त्यांनी ते कधी लपवलं नाही आणि कधी मिरवलंही नाही. त्या दिवशी मी वाद न घालता बशीतली शेव पुडीत बांधून घेतली. खरं म्हणजे मला तोवर त्या पिठात धंदा दिसायला लागला होता.

गुलमंडीत माझ्या ओळखीचा एक फरसाणवाला होता. त्याच्याकडं मी बाईंची शेव नेली. त्यानं चार काड्या खाल्ल्या, डोळे मिटले, म्हणाला, "ठेवा." बाई म्हणाल्या, पाटी लागली पाहिजे. कसली पाटी? तर धान्याच्या चोथ्याच्या पिठाची शेव.

"बाई, तशी पाटी लावली तर कुत्रंबी घ्यायचं नाय."

"मग मीच सांगते," म्हणून बाई रविवारी छत्री घेऊन दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या. गिऱ्हाईकानं त्या परातीकडं बोट केलं की शाळेत समजावतात तशी सुरुवात. एका बाईनं पदर नाकाला लावून विचारलं, "ह्यानं चढत तर नाय ना?" खुलताबादहून कापड घ्यायला आलेले एक म्हातारे चाचा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बेटी, जो चढती थी वो तो मोटर पी गई. बचा सो हमकू दे." आणि पावशेर शेव घेऊन गेले. बाई त्या वाक्यावर महिनाभर खूश होत्या. मी हिशेब केला तर खपापेक्षा तोंडाची वाफच जास्त गेली होती. फरसाणवाल्यानं दुसऱ्या आठवड्याला हात जोडले.

तेव्हा शहर आजच्यासारखं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराचं चाललं होतं. कधी बंद, कधी संचारबंदी, गावाकडून घरं जाळल्याच्या बातम्या. एका बंदच्या दिवशी बस नाही, रिक्षा नाही. मी माझा टेम्पो अडकला म्हणून कारखान्यात बसून होतो. दुपारी बाई आल्या. एक चप्पल पायात, तुटलेली दुसरी हातात, केस धुळीनं पांढरे.

"उस्मानपुऱ्यातनं पायी? आज तुमचाच बंद ना?"

"मोर्चाला जाऊनच आले. पण चोथा थांबत नाय, आंबतो," असं म्हणून त्या वाळवणाकडं गेल्या. दीक्षितसाहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, मागून मला विचारलं, "हिच्या भावाचं घर जाळलं म्हणे गावात. खरं का?" मला माहीत नव्हतं. मी बाईंना विचारलंही नाही. वाळवणावर त्या दाताळं फिरवत होत्या, नेहमीपेक्षा जरा हळू.

दीक्षितसाहेब माणूस वाईट नव्हते. घराणं पूर्वी भिक्षुकीचं, वडील कारकून, हे इंजिनिअर. पीठ तपासून आलं, त्यातला कस उत्तम निघाला, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, वसतिगृहांना पुरवठा करू. मागासवर्गीय मुलांची तिथं उपासमार होते, त्यांना हे स्वस्तात मिळेल. मी खुर्चीच्या कडेवर आलो. सरकारी पुरवठा म्हणजे कायमचं गिऱ्हाईक.

बाई म्हणाल्या, "आधी आपल्या कॅन्टीनला. साहेबांच्या टेबलावर."

"का?"

"जे उरतं ते कुणाला द्यायचं, हे गावात पैल्यापासून ठरलेलं असतं, साहेब. ते मला इथं नको. तुम्ही खा, मग पोरांना देऊ."

भाषा गावची झाली होती. दीक्षितसाहेब गोरेमोरे झाले. "मगरे, तुम्ही प्रत्येक गोष्टीत हे आणता. मी खाईन हो, मला काही नाही त्याचं. पण आज चतुर्थी आहे."

"उद्या नसते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत थालीपीठ खाल्लं. पहिला घास अवघड गेला, ते दिसलं. मग दही मागितलं, मग दुसरं थालीपीठ मागितलं. संध्याकाळी बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या घरीही थोडं द्या ना. फक्त ते कशाचं आहे हे घरी सांगता येणार नाही. आई आहे."

"मग नाय देत," बाई म्हणाल्या. आणि खरंच दिलं नाही.

कॅन्टीनला ते पीठ रुळलं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, कुणाचं पोट दुखलं नाही, कुणी नाक मुरडेनासं झालं. तेव्हा बाई वसतिगृहाला हो म्हणाल्या. पुरवठ्याच्या मालाला केमिस्टच्या सहीचा दाखला लागायचा, तो त्या देणार होत्या. आधी स्वतः जाऊन मुलांपुढं बोलून आल्या, साहेब जे खातात तेच तुम्हाला, असं सांगून. मुलांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. बाईंचा चेहरा त्या आठवड्यात मी पाहिला आहे. लग्न ठरलेल्या मुलीचा असतो तसा.

मी तेवढ्यात माझं सगळं त्यात घातलं. कर्ज काढून वाळवणाला सिमेंटचा ओटा बांधला, पिळायचं यंत्र आणलं, गिरणी बसवली. पहिल्या पिठाच्या गोण्या भरून शेडमध्ये रचल्या. त्या उचलायच्या आतच ज्वारी काढणीला आली आणि तिच्यावर पाऊस बसला.

कणसं शेतातच काळी पडली. मातीमोल भावानं ज्वारी सुटली आणि कारखान्यानं ती ट्रकच्या ट्रक घेतली. इंधनाला दाणा काळा की पांढरा, काय फरक पडतो? तिचा पहिला चोथा माझ्या ओट्यावर आला तेव्हा बाई आल्या, खाली बसल्या, चिमूट हातावर चोळून वास घेतला.

"हे दळायचं नाय, ठेकेदार."

"का?"

"ह्या ज्वारीला बुरशी हाय. बुरशीचं इष असतं."

"उकळलंय, आंबवलंय, गाळलंय. काय ऱ्हाणार त्यात?"

"दारू वर जाते. बाकी सगळं खाली ऱ्हातं. कसबी ऱ्हातो आणि इषबी ऱ्हातं. पोतंभर ज्वारीतलं इष पाटीभर चोथ्यात येतं. उलट वाढतंच की."

"गावोगावी लोक हीच काळी ज्वारी खायलेत, बाई!"

"खातेत. मीबी खाल्लीय. म्हणून काय मी ती दाखला देऊन खाऊ घालू?"

मग मी बोललो ते सगळं लिहीत नाही. माझा आवाज मुख्य फाटकापर्यंत गेला, एवढं सांगतो. शेवटी म्हणालो, "तुमच्याच पोरांच्या तोंडचा घास काढताय. लोक काय म्हणतील तुमचे?"

बाई उठल्या, लुगड्यावरचा चोथा झटकला. "आधीच्या चांगल्या गोण्या द्या. त्यावर मी सही करते. ह्याच्यावर नाय."

पण आधीच्या गोण्यांनी महिनाही निघणार नव्हता आणि पुरवठा वर्षाचा होता. दीक्षितसाहेबांनी बाईंना समजावलं, की या विषाची तपासणी सरकार करतच नाही, थोडं मिसळलं तर कळणारही नाही. मग मला एकट्याला बोलावून म्हणाले, दुसऱ्या केमिस्टची सही घेऊ, तुम्ही दळायला लागा. मी गिरणी सुरू केली. तो आवाज बाईंना प्रयोगशाळेत ऐकू जात होता. दुपारी पाहिलं तर खुंटीला छत्री नव्हती.

बाई वसतिगृहात गेल्या होत्या. मुलांना जमवून त्यांनी सांगितलं, की हे आता येणारं पीठ खाऊ नका, ज्वारी खराब आहे. चांगली आली की मी स्वतः येऊन सांगेन.

त्या दिवसांत मुलं काडेपेटीतल्या काडीसारखी होती, घासली की पेटायची. दुसऱ्या सकाळी फाटकावर मोर्चा आला. दारूचा चोथा मालकाच्या ताटात, अशी घोषणा. आम्हाला उष्टं चारता काय, अशी दुसरी. बाई फाटकावर गेल्या आणि सांगू लागल्या, की चोथा वाईट नाही, पोरांनो, यंदाची ज्वारी वाईट आहे. पण एवढा फरक घोषणेत बसत नाही. एक मुलगा पुढं येऊन म्हणाला, "ताई, हे तुम्ही शोधून काढलं? आमच्यासाठी?" बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर मागून पुन्हा घोषणा सुरू झाली. तासभर त्या तिथंच उभ्या होत्या.

पुरवठा रद्द झाला. कॅन्टीनमध्ये तेच साहेब, जे दही मागून खात होते, त्यांना आता थालीपिठाला वास येऊ लागला. चोथ्याचं पीठ म्हणजे गोरगरिबांना चारायचं विष, हे शहरात कायमचं झालं. चांगल्या ज्वारीचंही कुणी हातात घेईना. मालकानं बाईंना प्रयोगशाळेतून उचलून गोदामावर बसवलं, पुढं वर्षभरात कारखानाच बसला. मला गिरणी भंगारात द्यावी लागली आणि पेंड-भुशाचा धंदा पहिल्यापासून मांडावा लागला.

आता माझं म्हणणं सांगतो. सही केली नाही, ते त्यांच्या जागी बरोबर असेल. पण वसतिगृहात जाण्याआधी मला एक शब्द सांगायला हवा होता. जगाला सांगून खाऊ घालणारी बाई, माझं ताट ओढताना मला सांगू शकली नाही? आमच्या घरात यावर पुष्कळ वाद झाले. बायको म्हणायची, "सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?" नसतं जाऊ दिलं. ते मलाही कळतं. कळलं म्हणून राग जातो असं नाही.

शेडमधल्या त्या आधीच्या गोण्या, स्वच्छ ज्वारीच्या पिठाच्या, शेवटी मी गवळ्याला म्हशींसाठी विकल्या. तो गाडी घेऊन आला त्या दिवशी ऊन कडक होतं. हमाल गोण्या काढत होते. मी पाहिलं तर बाई शेडच्या दारात उभ्या. गोदामावरून जेवणाच्या सुट्टीत आल्या असाव्यात. आता माफी मागतील, असं मला वाटलं. मी माझे शब्द तयार केले.

त्या माझ्याकडं आल्याच नाहीत. एका गोणीपाशी वाकल्या, तोंड सोडलं, मूठभर पीठ घेतलं आणि तसंच कोरडं तोंडात टाकलं. बराच वेळ चावत होत्या. ओठांच्या कोपऱ्याला पीठ लागलं होतं.

"चांगलं झालं व्हतं, नाय का ठेकेदार?"

मी हमालाच्या अंगावर ओरडलो, "थांबलास का? उचल की!"

बाईंनी त्याला हातानं थांबवलं. गोणीचं तोंड गोळा केलं, त्याला सुतळीचे वेढे दिले आणि गुडघा टेकवून गाठ आवळली. दुसरी मारली, तीही आवळली. मग हात झटकून, छत्री उघडून, बसथांब्याकडं निघून गेल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

गुरांच्या गोणीला कुणी अशी गाठ मारत नाही. तोंड मुडपून गाडीत टाकायची, एवढंच असतं. गोठ्यावर गवळ्यानं ती गाठ सोडवायचा प्रयत्न केला, दातानं ओढून पाहिली, बाईला शिवी दिली. सुटली नाही. शेवटी विळा आणून त्यानं सुतळी कापली आणि पीठ गव्हाणीत ओतलं.